पार्श्वभूमी : तलवारीशेजारी लेझर कुठून आला

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे भूमिका-खेळ, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन बोलत आणि फासे टाकत खेळायचे खेळ, जिथे चालतात त्या नागपुरातल्या टेबलांवर एक तक्रार हमखास ऐकू येते. डंजनच्या, म्हणजे साहसातल्या भुयारी जागेच्या, तिसऱ्या मजल्यावर दगडी भिंत संपते, गुळगुळीत धातूचा दरवाजा लागतो, तो आपोआप सरकतो आणि आत पांढरा उजेड पडतो. लगेच कोणीतरी पात्राची माहिती लिहिलेली शीट खाली ठेवून विचारतं, "हे काय बे? आपण फँटसी खेळत होतो ना?" समजूत अशी की आधी सगळं तलवार-मंत्रांचं शुद्ध होतं, मग कोणाला तरी हुक्की आली आणि त्यात यंत्रमानव घुसवले गेले. क्रम नेमका उलटा आहे. सरमिसळ मूळची. सोवळं नंतरचं.

फार मागे जायची गरज नाही. १९२०-३०च्या दशकांतल्या स्वस्त अमेरिकी मासिकांत मंगळावर तलवारी चालायच्या आणि गाडलेल्या शहरांतले देव ताऱ्यांवरून आलेले असायचे. ती मासिकं आणि त्यांची पुनर्मुद्रणं वाचून वाढलेली मंडळी पुढे लहान लहान सैनिक मांडून युद्धखेळ खेळू लागली. मिनेसोटातल्या अशाच एका गटात प्राचीन काळातली लढाई चालली असताना ड्रुइड पुरोहिताने स्टार ट्रेकमधला फेझर काढला आणि समोरचा लढाऊ हत्ती जाळून टाकला. हत्ती ज्याचा होता त्याला काय वाटलं असेल ते सांगायला नको. ज्या रेफरीने हे होऊ दिलं, त्यानेच १९७१च्या सुमारास ब्लॅकमूर हे कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक पुढे चालणारा खेळ, सुरू केलं. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं मूळ तिथे आहे. म्हणजे या खेळाच्या जन्माआधीच टेबलावर किरणशस्त्र येऊन गेलं होतं.

१९७४च्या पहिल्या संचातल्या तीन तपकिरी पुस्तिका आता पीडीएफमध्ये कोणीही चाळू शकतो. रानावनातल्या गाठीभेटींच्या तक्त्यांत मंगळावरचे प्राणी सरळ नावानिशी आहेत. राक्षसांच्या पुस्तिकेत यंत्रमानव, गोलेम आणि अँड्रॉइड एकाच ओळीत बसवलेत, आणि त्यांचे गुणधर्म काय ते ज्याचं त्याने ठरवावं असं सांगून विषय संपवलाय. गोलेम मंत्राने चालतो आणि रोबो विजेवर, हा फरक लिहिणाऱ्यांना महत्त्वाचा वाटलाच नाही.

पुढची पाच-सहा वर्षं मला सगळ्यात जास्त आवडतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो. १९७५ साली ब्लॅकमूरवरची पुरवणी निघाली. तिच्यात बेडकाचं मंदिर आहे आणि छापून आलेलं पहिलं साहस म्हणून त्याकडेच बोट दाखवलं जातं. त्या मंदिराचा मुख्य पुजारी दुसऱ्या जगातून आलेला आहे, त्याच्याकडे लढाऊ चिलखत आणि यंत्रं आहेत, आणि भाविकांना ते चमत्कार वाटतात. त्याच वर्षी प्रकाशकाच्या मासिकात एका खेळाचा वृत्तान्त आला. त्यात दुसऱ्या महायुद्धातली जर्मन तुकडी फँटसीतल्या फौजेवर धडकते. लेख गंमत म्हणून लिहिलेला आहे, पण हिशेब चोख ठेवलेत : मशीनगनपुढे मंत्र किती टिकतो वगैरे.

१९७५चाच एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन आपल्याला जवळचा वाटावा असा. त्याचा निर्माता मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचे विषय शिकवायचा, तरुणपणी भारतात राहून गेलेला. त्याचं जग दूरच्या भविष्यातलं. माणसांनी परका ग्रह राहण्याजोगा केला, मग तो ग्रह आपल्या सूर्यासकट हरवला, आणि हजारो वर्षांनी तिथले लोक पूर्वजांची यंत्रं जादू समजून वापरताहेत. 'डोळा' म्हणून ओळखली जाणारी ही साधनं मोजक्याच वेळा चालतात. सरमिसळीचं इतकं नीट बांधलेलं उदाहरण त्या काळात दुसरं नाही. याच गृहस्थाने टोपणनावाने नवनाझी कादंबरी लिहिल्याचं २०२२मध्ये उघड झालं. तेव्हापासून हा खेळ बाहेर काढताना लोक अडखळतात, आणि अडखळावंही.

१९७६ला मेटामॉर्फोसिस अल्फा हा खेळ आला. त्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणारं एक प्रचंड यान आहे आणि आतल्या लोकांना आपण यानात आहोत हेच माहीत नाही. त्या उन्हाळ्यात बाल्टिमोरच्या संमेलनात एक स्पर्धा झाली. फँटसीतले योद्धे आणि जादूगार डोंगरात शिरतात आणि आत निघतं कोसळलेलं यान. हेतू जाहिरातीचाही होता, कारण ड्रॅगनवाल्यांना यानवाल्या नव्या खेळाची चव द्यायची होती. तोच मजकूर १९८०मध्ये एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स म्हणून छापला गेला. रंगीत ओळखपत्रांनी उघडणारी दारं, पोलिस रोबो, व्यायामशाळेत धडे देणारे रोबो, झाडाच्या बुंध्यावर बसलेला ससा आणि तो ससा ज्याचं आमिष आहे तो प्राणी. ज्यांनी खेळलंय त्यांना ससा म्हटलं तरी पुरे.

आता वादाचा मुद्दा. मॉड्यूलमध्ये, म्हणजे छापील तयार साहसात, यान असावं की नसावं हा वाद फारसा टिकत नाही. टिकतो तो तक्त्याचा वाद.

अडचण खरी आहे. पात्राने लेझर पिस्तूल जन्मात पाहिलेलं नाही, पण ते पात्र चालवणाऱ्या माणसाने शंभर सिनेमांत पाहिलंय. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, "पिस्तुलासारखं काहीतरी" म्हणताच तो म्हणतो, "नेम धरतो आणि घोडा ओढतो." मग रहस्य कसलं उरलं? यावर तेव्हाच्या लेखकांनी तोडगा काढला तो तक्त्याचा. १९७८च्या गॅमा वर्ल्डमध्ये तो पूर्ण रूपात दिसतो. परकी वस्तू हाती आली की फासे टाकायचे आणि आलेल्या आकड्याप्रमाणे तक्त्यावरच्या चौकटींतून पुढे सरकायचं. शेवटच्या चौकटीला पोचलात तर वस्तू कळली. वाटेत कवटी लागली तर काहीतरी फुटलं, भाजलं किंवा कोणी गेलं. साध्या वस्तूचा तक्ता आखूड, अवघड वस्तूचा वळणावळणाचा. बॅरियर पीक्समध्येही याच धर्तीची सोय आहे.

बाजू घेणारे म्हणतात, यात न्याय आहे. बुद्धी सहा असलेला फायटर आणि बुद्धी सतरा असलेली जादूगारीण यांच्यात फरक राहतो, आणि टेबलावर इंजिनिअर बसला म्हणून त्याचा रानटी योद्धा आपोआप इंजिनिअर होत नाही. शिवाय कवटीची भीती सगळ्यांना सारखीच वाटते. मुद्दा चुकीचा नाही.

पण हाच खेळ खड्ड्याच्या सापळ्यासाठी काय सांगतो? दहा फुटी काठीने जमीन ठोकत चला, पाणी ओतून बघा, दगड टाका, विचारा. तिथे फासा नाही, बोलणं आहे. २००८मध्ये जुन्या पद्धतीच्या खेळावर एक छोटी पुस्तिका निघाली आणि ती आज जुन्या पद्धतीने खेळणाऱ्या अनेक डीएमनी वाचलेली असते. कौशल्य खेळणाऱ्याचं, पात्राच्या आकड्यांचं नव्हे, हे तिने सूत्रासारखं मांडलं. ते सूत्र दगडी सापळ्याला लागू आणि धातूच्या कांडीला नाही, याला काय अर्थ? तक्त्यामुळे नेमकी तीच जागा बंद होते जिथे खेळणाऱ्याने डोकं चालवायला हवं. तो नुसता फासे टाकत बसतो.

गंमत म्हणजे उत्तर त्याच पाकिटात होतं. बॅरियर पीक्सबरोबर चित्रांची वेगळी पुस्तिका येते, खेळणाऱ्यांना दाखवण्यासाठी. वस्तूचं चित्र समोर धरायचं, नाव सांगायचं नाही. परकेपणा वर्णनातून आणायचा, आकड्यांतून नाही. चित्रं आणि तक्ते एकाच लेखकाने एकाच मॉड्यूलमध्ये दिले आणि दोघांचं आपसात पटत नाही, हे त्या काळी फार कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

धरमपेठेतल्या एका टेबलावर मे महिन्यात हे जवळून पाहायला मिळालं. कूलर पूर्ण जोरात, उडू नयेत म्हणून शीटांवर स्टीलचे ग्लास. डीएमने एवढंच सांगितलं : वीतभर कांडी, आकाराच्या मानाने जड, एका टोकाला फुगीर भिंग, पोटाशी अंगठा बसेल असा खळगा. चोराचं पात्र चालवणाऱ्या मुलीने ती कांडी भाल्याला सुतळीने बांधली, भिंग भिंतीकडे केलं, खळग्यात ओली माती थापली, वर दगड ठेवला आणि सगळ्यांना खांबामागे नेलं. भिंत लाल झाली, वितळली, पलीकडची खोली दिसली. सगळे ओरडले. मग डीएम शांतपणे चार्ज, म्हणजे कांडीत उरलेले वापर, मोजू लागला. सहा होते, पाच राहिले, चार राहिले. दगड काढायला पुढे कोण जाणार याचा विचारच कोणी केला नव्हता. तक्त्यावर कितीही फासे टाका, हे निघणार नाही. त्याच टेबलावर बुद्धी सहावाला फायटर सगळ्यांच्या आधी "बटण असेल ते" म्हणाला होता आणि त्यावरून पुढे अर्धा तास भांडण झालं, हेही नोंदवतो.

चार्जचा हिशेबही मूळ काळातलाच. शस्त्र जबरदस्त द्यायचं पण संपणारं द्यायचं, म्हणजे यानातून बाहेर पडल्यावर राजाचा किल्ला दोन दिवसांत पडत नाही. ज्यांनी हा नियम ढिला सोडला त्यांची कॅम्पेन कशी संपली ते त्यांनाच विचारावं.

मग सोवळं आलं कधी? १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गॅमा वर्ल्ड आणि वेस्टर्न खेळ बूट हिल यांच्यातून पात्रं इकडेतिकडे नेण्याचे रीतसर नियम होते, आणि मागच्या प्रेरणा-यादीत विज्ञानकथा आणि फँटसी एकत्र नांदत होत्या. तरीही दुकानात मांडायचे डबे तोवर वेगळे होऊ लागले होते. यान हवं असेल तर १९७७चा ट्रॅव्हलर घ्या, नाहीतर १९८२चा स्टार फ्रंटिअर्स. तलवार हवी तर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा लाल डबा. गिऱ्हाइकाला डब्यावरच्या चित्रावरून आतला माल कळला पाहिजे, हे त्यामागचं साधं कारण मला वाटतं. १९८९चा स्पेलजॅमर जहाजं अंतराळात नेतो खरा, पण त्यांना इंजिन नाही, मंत्राने चालतात. त्याच वर्षीच्या शॅडोरनने उलट रस्ता धरला आणि भविष्यातल्या शहरात एल्फ आणले. दोन्ही आपापल्या नियमांत बंदिस्त. डंजन खोदता खोदता अचानक यान लागणं मात्र दुर्मीळ झालं. आजच्या तक्रारखोरांचं बालपण याच काळातल्या किंवा याच काळाची छाप असलेल्या पुस्तकांवर आणि व्हिडिओ गेमवर गेलेलं आहे.

सरमिसळीकडे परत फिरायला २०००चा खुला परवाना, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम इतरांना वापरू देणारा परवाना, कारणीभूत ठरला. जुने नियम नव्या नावाने छापता येतात हे लोकांना कळलं : २००६ला ओस्रिक, २००७ला लॅबिरिंथ लॉर्ड, २००८ला स्वॉर्ड्स अँड विझार्ड्री. एकदा जुन्या नियमांची धूळ झाडली की त्यांतले रोबोही बाहेर येणारच. २००८मध्येच म्यूटंट फ्यूचर आला, २०१२मध्ये डंजन क्रॉल क्लासिक्स. २०१३च्या न्यूमेनेराने जुनी यंत्रं म्हणजेच जादू ही कल्पना चकचकीत कागदावर मोठ्या गिऱ्हाइकापर्यंत नेली. जानेवारी २०२३मध्ये तोच परवाना मागे घेण्याच्या हालचालीवरून गदारोळ झाला आणि अखेर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला करावा लागला. छोट्या लेखकांना त्यातून धडा मिळाला. बरेच जण आता स्वतःचेच नियम लिहितात.

आपल्याकडे या सरमिसळीला थोडा जास्त विरोध होतो, त्याला मराठी विज्ञानकथेची शिस्तही कारण असावी. १९७४ साली, म्हणजे त्या तपकिरी पुस्तिका निघाल्या त्याच वर्षी, एका नामवंत खगोलशास्त्रज्ञाने टोपणनावाने विज्ञानकथा स्पर्धेला कथा पाठवली आणि पहिला नंबर पटकावला. तेव्हापासून विज्ञानकथेतलं विज्ञान पक्कं हवं ही अपेक्षा इथे घट्ट झाली. अपेक्षा चांगलीच आहे, पण टेबलावर तिचा काच होतो. दुसरीकडे तिलिस्म, म्हणजे जादूची वाटणारी कूटजागा, आपण आजी-आजोबांच्या पिढीपासून वाचत आलो. चंद्रकांता या हिंदी कादंबरीतलं तिलिस्म म्हणजे बहुतेक कळा, यंत्रं आणि गुंगीची औषधं, हे लक्षात घेतलं तर बॅरियर पीक्स फारसं परकं वाटत नाही. पुष्पक विमानाचा दाखला देऊन "आपल्याकडे हे होतंच" म्हणणारे भेटतात. त्यांना हात जोडावेत; टेबलावर विमान आणायला इतिहासाचा पुरावा लागत नाही.

विदर्भात बसून असं कॅम्पेन रचायचं तर जागा तयार आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर. वयाचे अंदाज सुमारे ५० हजार वर्षांपासून पावणेसहा लाखांपर्यंत पसरलेले. काठावर गावात दैत्यसूदन मंदिर, आणि कथा अशी की इथे लवणासुर जमिनीखाली लपला होता आणि विष्णूने त्याला मारलं. आकाशातून पडलेलं काहीतरी आणि खाली लपलेला असुर, दोन्ही एकाच खड्ड्यात. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं, खारटपणा आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. डीएमला याहून आयती अफवा कोण देणार? व्यास सुमारे १.८ किलोमीटर, त्यामुळे नेहमीचा सहा मैलांचा हेक्स, म्हणजे नकाशावरची षटकोनी चौकट, घेतला तर अख्खं विवर, मंदिरं आणि गाव एकाच हेक्समध्ये बसतात. खालचे मजले वेगळ्या कागदावर काढावे लागतील.