उचललेलं आणि उरलेलं

नैऋत्य चीनमधल्या हंगडुआन पर्वतरांगांत, उंचावरच्या दगडगोट्यांच्या उतारांवर फ्रिटिलारिया डेलाव्हेई नावाची एक बुटकी वनस्पती उगवते. तिचा कंद पारंपरिक चिनी औषधांत दोन हजार वर्षांहून अधिक काळ वापरला जातोय. कंद इवलासा असतो, त्यामुळे किलोभर जमवायचा तर ३,५०० हून जास्त रोपं उपटावी लागतात. त्यात पाचव्या वर्षापर्यंत तिला फूलच येत नाही. काही उतारांवर तिची पानं हिरवीगार दिसतात, तर काहींवर राखाडी-तपकिरी, थेट भोवतालच्या दगडांच्या रंगाची. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी संशोधकांनी कुठून किती कंद काढला जातो, याच्या नोंदी स्थानिकांकडून मिळवल्या. जिथे उपसा जास्त, तिथली रोपं दगडांशी जास्त मिळतीजुळती निघाली. ही पानं खाणारा एखादा प्राणी असेल म्हणावं, तर तसा कुणी आढळला नाही. मग लोकांना संगणकाच्या पडद्यावर रोपं शोधायला बसवलं. दगडाशी रंग जुळलेली रोपं सापडायला वेळ लागला.

रोपाला लपायचं सुचलं, असं अर्थातच नाही. हिरवी रोपं आधी दिसली, आधी उपटली गेली. मळकट रंगाची नजरेतून निसटली, फुलली, त्यांना बी धरलं.

माणूस आणि निसर्ग म्हटलं की किती झाडं तोडली, किती मासे काढले, किती प्राणी मारले, याचीच मोजदाद होते. हिशेब सगळा उचललेल्याचा. उरलेले कोण, हा प्रश्न क्वचितच येतो, आणि पुढची पिढी तर त्यांच्याच पोटची असते. शेतकरी टपोरं कणीस बियाण्यासाठी राखतो. रानात आणि समुद्रात आपलं उलटं चालतं: टपोरं ते खायचं आणि बारकं ते बियाण्याला सोडायचं.

इतर शिकारी असं सहसा करत नाहीत. त्यांच्या तावडीत पिल्लं, म्हातारे, आजारी जास्त सापडतात. पूर्ण वाढलेला धडधाकट प्राणी मारणं त्यांना महागात पडतं, आपल्याला पडत नाही. २०१५ मधल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्रौढ मासे मारण्याचा माणसाचा वेग समुद्रातल्या इतर भक्षकांच्या १४ पट आहे.

मासेमारीचा नियम बहुतेक ठिकाणी एकच: लहान मासा सोडा, मोठा ठेवा. नियम दयाळू वाटतो आणि पटतोही. डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मंच या दोघा संशोधकांनी तो टाक्यांमध्ये तपासून पाहिला. सिल्व्हरसाइड नावाचा छोटा मासा त्यांनी वेगवेगळ्या टाक्यांत वाढवला आणि प्रत्येक पिढीत ९० टक्के मासे काढून घेतले. काही टाक्यांतून सर्वांत मोठे काढले, काहींतून सर्वांत लहान, काहींतून हाताला येतील ते. उरलेल्या दहा टक्क्यांची वीण होऊ दिली. चौथ्या पिढीत फरक डोळ्यांना दिसण्याइतका झाला. मोठे काढलेल्या टाक्यांतले मासे लहान काढलेल्या टाक्यांतल्या माशांच्या जेमतेम निम्म्या वजनाचे भरले. चारच पिढ्या! उत्क्रांती म्हटलं की लाखो वर्षं डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे हा आकडा पचायला जरा जड जातो. पुढे निवड थांबवून पाहिली, तर आकार परत वाढू लागला खरा, पण पाच पिढ्यांनंतरही गाडी अर्ध्या वाटेवरच होती.

खुल्या समुद्रात गुंता जास्त. मासा खुजा होण्यामागे पाण्याचं तापमान असू शकतं, अन्नाची टंचाई असू शकते, आणि त्यावरून अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. तरी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कॉड माशांचं उदाहरण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. १९९२ मध्ये तिथली कॉड मासेमारी बंद करावी लागली. त्याआधीच्या वर्षांत माद्या कमी वयात, लहान आकारातच वयात येऊ लागल्या होत्या. मोठं होईपर्यंत जगण्याची शाश्वतीच नसेल, तर लवकर अंडी घालणाऱ्या माद्यांचाच वंश पुढे सरकतो.

मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातल्या हत्तींची गोष्ट जास्त स्वच्छ आहे, कारण तिथे जनुकांपर्यंत पोचता आलं. आफ्रिकी हत्तींमध्ये नर आणि मादी दोघांनाही सुळे असतात. १९७७ ते १९९२ या काळातल्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी हस्तिदंतासाठी हत्ती मारले आणि त्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. युद्धापूर्वी बिनसुळ्यांच्या माद्या १८.५ टक्के होत्या, नंतर त्या ५०.९ टक्के झाल्या. ज्यांच्याकडे घेण्यासारखं काही नव्हतं, त्यांना गोळी लागली नाही. बिनसुळ्यांच्या मादीची त्या काळात तगण्याची शक्यता सुळेवालीच्या पाचपटीहून जास्त होती.

बिनसुळ्यांचे नर मात्र तिथे दिसेनात. २०२१ च्या अभ्यासात याचं कारण सापडलं. सुळे न येण्याला कारणीभूत असलेला बदल एक्स गुणसूत्रावर आहे. मादीकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. नराकडे एकच. तोच बदललेला मिळाला, तर ते पिल्लू गर्भातच दगावतं. म्हणजे बिनसुळ्यांच्या मादीचे निम्मे मुलगे जन्मालाच येत नाहीत. हिशेबाने अशा माद्यांच्या पिल्लांत दोन मादीमागे एक नर यायला हवा, आणि गोरोंगोसात तसंच आढळलं. बंदुकीपासून वाचवणारा गुण नर पिल्लांच्या मुळावर आला. शिवाय सुळे हे हत्तीचं अवजार असतं. साल सोलणं, क्षारांसाठी माती उकरणं ही कामं तो सुळ्यांनी करतो, आणि त्यावर इतर प्राण्यांचंही थोडंफार भागतं.

निवड करायला हातात बंदूकच हवी असंही नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कात पुलांखाली घरटी करणाऱ्या पाकोळ्यांचा तीस वर्षं अभ्यास झाला. गाड्यांखाली मरणाऱ्यांची संख्या वर्षागणिक घटत गेली. मेलेल्यांचे पंख जिवंत राहिलेल्यांपेक्षा लांब निघाले. आखूड पंखांनी रस्त्यावरून सरळ वर झेपावणं सोपं जातं.

हे कळल्यावर करायचं काय? माशांच्या बाबतीत उत्तर निदान कागदावर तरी सोपं आहे: लहानही सोडा आणि फार मोठेही सोडा, मधले घ्या. मोठ्या मादीला सोडण्यात निव्वळ फायदा आहे. ३० किलोची एक कॉड मादी दोन-दोन किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते, म्हणजे वजनाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त. गळ टाकणाऱ्यांना असे दोन टोकांचे नियम काही ठिकाणी आज लागूही आहेत, कारण गळाला लागलेला मासा मोजून परत सोडता येतो. उभ्या लावलेल्या जाळ्यांतही हे काही प्रमाणात आपोआप होतं, लहान मासा आरपार जातो आणि फार मोठ्याचं डोकंच छिद्रात शिरत नाही. अडचण ट्रॉलरची. त्याचं ओढत नेलेलं जाळं बारक्यांना वाट देतं आणि मोठ्यांना एकजात पोटात घेतं. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत कासवं अडकू नयेत म्हणून तिरकी जाळी बसवतात, तिच्यावर आपटून कासव बाहेरच्या झडपेकडे वळतं. मोठ्या माशांना तशीच वाट काढून देणं तंत्राच्या दृष्टीने अशक्य नाही. मात्र सर्वांत जास्त भाव मिळवून देणारा मासा त्या झडपेतून जाऊ द्यायला ट्रॉलरचा मालक राजी होईल का, हा प्रश्न जीवशास्त्राच्या हाती नाही.