उताराला न्यूट्रल मारणं आणि इको-रोल, एकच का?

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर नव्या गाडीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, त्या इको-रोलमध्ये, म्हणजे गाडी आपोआप न्यूट्रलला नेणाऱ्या सोयीत, काय एवढं, आपण कसारा घाटात इतकी वर्षं न्यूट्रल मारतोय, तेच कंपनीने बटणात घालून विकलंय. ऐकायला पटतं, कारण गाडी दोन्हीकडे न्यूट्रललाच जाते. पण कुठं जाते ते बघा, नेमकी उलटी जागा आहे.

आधी आपलं देशी न्यूट्रल. इगतपुरी सोडली, घाट लागला की गिअर काढला, इंजिनचा आवाज एकदम खाली, आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ६०० च्या आसपास, वाटतं डिझेल वाचलं. खरं सांगू का, घोळ या आवाजानेच केलाय. आताच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथं डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमाने सुटतं, गाडी गिअरमध्ये ठेवून रेस सोडली की ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टरचं डिझेलच बंद करतो, चाकंच इंजिनला फिरवतात, काटा १५०० वर दिसला तरी डिझेल शून्य. न्यूट्रलला मात्र इंजिनला चालू राहायला स्वतःचं डिझेल लागतं, अवजड गाडीत तासाला साधारण २ ते ३ लिटर. घाट उतरायला पाव तास धरा, अर्धा-पाऊण लिटर फुकट गेलं!

आणि डिझेलचं सोडा, न्यूट्रलला एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनकरवी गाडी रोखणारा) काहीच कामाचा नाही कारण इंजिन चाकांपासून सुटलेलं असतं, मग कांद्याने भरलेली गाडी निव्वळ चाकांच्या ब्रेक लायनरवर रोखायची, ड्रम तापतात, ब्रेक पकडायचे कमी होतात, त्यात आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) हवेचा कॉम्प्रेसर हळू फिरतो म्हणून ब्रेकला वापरलेली हवा भरायला वेळ लागतो. याच घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, आगगाडीला मागून बँकर म्हणजे जादा इंजिन लावून वर ढकलतात. तिथं आपण गिअर काढायचा म्हणजे कमालच.

आता इको-रोल. घाटात तो गिअर काढतच नाही. त्याची जागा म्हणजे घोटी ते वाडीवऱ्हे असा हलका चढउताराचा रस्ता. अशा बारीक उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली तर डिझेल शून्य असतं खरं, पण इंजिनच गाडीला मागे ओढतं, स्पीड पडतो, आणि पडलेला स्पीड परत मिळवायला पुढे रेस द्यावी लागते. तिथं आयडलचं थोडं डिझेल देऊन तो स्पीड राखणं स्वस्त पडतं. एवढाच हिशोब, पण तो सारखा करायला लागतो, म्हणून हे काम एएमटी (स्वतः गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर करतो: क्रूझला (स्पीड आपोआप राखणाऱ्या सोयीत) ठरवलेल्या स्पीडच्या फार वर गाडी गेली, ब्रेक दाबला किंवा उतार जास्त झाला की लगेच गिअर परत. व्होल्वो याला आय-रोल म्हणते, स्कॅनिया आणि मर्सिडीज इको-रोल. मर्सिडीजने २०१२ पासून ॲक्ट्रोसमध्ये त्याला जीपीएस नकाशाची जोड दिली, म्हणजे चढ संपायच्या आधीच गाडीला पुढचा उतार माहीत.

मग हे मॅन्युअल गाडीत हाताने करायचं का? अजिबात नको. भरलेल्या गाडीने उतारावर वेग घेतला की गिअर परत पडेलच असं नाही, आणि नाही पडला तर पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मॅन्युअलवाल्याने रेस सोडायची, गिअरमध्ये राहायचं. ॲव्हरेज तिथंच आहे.

आमच्या मामांच्या बीएस-६ गाडीत चालू खप दाखवणारा मीटर आहे. कसाऱ्यात गिअरमध्ये रेस सोडायला लावून मी म्हटलं, मामा, बघा, शून्य. मामा म्हणाले, मीटर बिघडलाय, नाशिकला गेलो की दाखवून घेतो.