तुमच्या प्रेशरच्या गोळीचे नाव ‘सार्टन’ने संपते का?

आमच्या दुकानातून दर महिन्याला प्रेशरची गोळी नेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

हातातली स्ट्रिप उलटी करा. ठळक छापलेले ब्रँडचे नाव सोडा, त्याखालचे बारीक अक्षरांतले औषधाचे नाव वाचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, व्हॅल्सार्टन, कँडेसार्टन, अझिल्सार्टन यांपैकी काही दिसले तर हा कागद तुमच्यासाठी आहे. चष्मा घरी राहिला असेल तर स्ट्रिप काउंटरवर द्या, आम्ही वाचून सांगू.

गोळी काय करते

रक्तदाब उतरल्याचे जाणवले की मूत्रपिंडे रेनिन हे द्रव्य सोडतात आणि त्याच्यामुळे पुढे दोन टप्प्यांत अँजिओटेन्सिन-२ तयार होते. हे रसायन रक्तवाहिन्यांवरच्या ठरावीक जागी जाऊन बसले की वाहिन्या आवळल्या जातात. शिवाय आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, मीठ-पाणी अंगात धरून राहते आणि दाब चढतो. सार्टन गोळी हे रसायन बनणे थांबवत नाही, ती त्याची जागा आधीच अडवते. सकाळच्या फोंडा-पणजी बसमध्ये सगळ्या सीट भरल्या की नंतर चढणाऱ्याला बसायला मिळत नाही, तसेच.

याआधीच्या रामिप्रिल, एनालाप्रिल अशा ‘प्रिल’ गोळ्या रसायन बनण्याच्या टप्प्यावरच आडव्या येतात. त्या चांगल्याच आहेत, पण काहींना त्यांनी कोरडा खोकला लागतो, आणि मग डॉक्टर सार्टन देतात. या गटातली पहिली गोळी लोसार्टन, ती 1995 साली अमेरिकेत मंजूर झाली. प्रिल आणि सार्टन सहसा एकत्र देत नाहीत. घरात जुन्या प्रिलची पाकिटे उरली असतील तर ती बाजूला काढा.

पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार आठवडे लागतात. आठ दिवसांत आकडा खाली आला नाही म्हणून स्वतःहून गोळी वाढवू नका. आकडा खाली आला म्हणून बंदही करू नका, कारण तो गोळीमुळेच खाली आलेला असतो.

टेल्मिसार्टन आणि आपला पावसाळा

हे आम्हांला सगळ्यांत कळकळीने सांगायचे आहे. टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा शोषते. ती घेण्याच्या क्षणापर्यंत पाकिटातच ठेवायची असते. गोव्यात जून ते सप्टेंबर सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तांदळाच्या डब्यालाही दमट वास येतो, तिथे उघड्या गोळीचे काय होणार?

एका जुलैत आमच्या एक काकी आठवड्याच्या खणांची प्लास्टिकची डबी घेऊन आल्या. सोमवार ते रविवार सगळ्या गोळ्या आधीच सोलून भरलेल्या होत्या. शुक्रवारच्या खणातली टेल्मिसार्टन फुगून मऊ पडली होती, बोट लावताच भुगा झाला. काकी नेमाने गोळ्या घेत होत्या आणि प्रेशर का चढते हे त्यांना कळत नव्हते. चूक त्यांची नव्हती, त्यांना हे कुणी सांगितलेच नव्हते. आम्हीही नाही. म्हणून हा कागद काढला.

डबी हवीच असेल तर स्ट्रिपचे एकेक घर कात्रीने कापून, फॉइलसकट त्यात ठेवा. आम्ही सुटी गोळी देतो तीही आता अशीच बंद घरात देतो, आणि पुडीवर नाव, बॅच व मुदतीची तारीख लिहितो. स्ट्रिप चुलीजवळ, न्हाणीत किंवा फ्रिजवर ठेवू नका.

आडसर, मीठ आणि पोटॅशियम

सार्टनने आल्डोस्टेरॉन कमी झाले की मूत्रपिंडे पोटॅशियम कमी बाहेर टाकतात. रक्तात ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एक ग्लास आडसराच्या (शहाळ्याच्या) पाण्यात साधारण 500 ते 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. मूत्रपिंडे ठीक असतील तर अधूनमधून एक आडसर प्यायला हरकत नाही. पण मधुमेह जुना असेल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेले असेल, तर रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. ‘लो-सोडियम’ मिठाचेही तेच. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असते. मीठ कमी करायचेच असेल तर सुक्या बांगड्याचा आणि खारातल्या तोरांचा (कैऱ्यांचा) हात आखडता घ्या, त्याने जास्त साधेल.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. क्रिएटिनिन थोडे वाढते. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ असेल तर डॉक्टर सहसा गोळी चालूच ठेवतात. मधुमेहात लघवीतून प्रथिने जात असतील तर हीच गोळी मूत्रपिंडांना जपते, म्हणून रिपोर्ट पाहून घाबरून ती टाकू नका.

गुडघे, जुलाब, गर्भारपण

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवतात आणि प्रेशरही चढवतात. सार्टनसोबत लघवीची गोळीही चालू असेल तर धोका आणखी वाढतो. (नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ लिहिलेले असेल तर बहुधा ती त्याच गोळीत असते.) गुडघा दुखतो म्हणून मागायला याल तेव्हा आम्ही ‘प्रेशरला काय घेता?’ असे विचारू. राग मानू नका.

उलट्या-जुलाब झाले, ताप येऊन पाणीही पोटात ठरेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी ते गोळी थोडे दिवस थांबवायला सांगू शकतात.

गर्भारपणात सार्टन घ्यायची नाही. चौथ्या महिन्यापासून पुढे तर तिने बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. पाळी चुकली असेल किंवा मूल हवे असे ठरवले असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. लॅबेटालॉल, निफेडिपिन असे पर्याय आहेत. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर गोळी थांबवून थेट इस्पितळात जा.

दोन नावे, एकच औषध

गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून) मिळालेली जेनेरिक आणि गावच्या डॉक्टरांनी लिहिलेली ब्रँडची गोळी, दोन्ही टेल्मिसार्टन असू शकतात. दोन्ही घेतल्या तर डोस दुप्पट होतो आणि उठताना घेरी येते. घरात प्रेशरची म्हणून जेवढी पाकिटे असतील तेवढी पिशवीत घालून एकदा आणा. आम्ही जुळवून बघू, पैसे नाहीत.

गणेशचवथीला आमचे दुकान दोन दिवस बंद असते आणि गावाला गेल्यावर गोळी मिळेलच असे नाही. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) सामानाच्या यादीत एक स्ट्रिपही लिहून ठेवा.