रुळांमधली फट गेली कुठे?

लोखंड तापलं की वाढतं, म्हणून रुळांच्या सांध्यात फट ठेवतात, हे शाळेतलं ठरलेलं उदाहरण. पण आज आपल्याकडच्या मुख्य लोहमार्गांवर बहुतेक ठिकाणी ती फट नसतेच. वेल्डिंग करून रूळ कित्येक किलोमीटर अखंड केलेला असतो आणि गाडीची जुनी खडखड त्यामुळेच थांबली. मग वाढ जाते कुठे?

आधी ती का होते, ते पाहू. अणू जोरात थरथरतात म्हणून जास्त जागा व्यापतात, असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. थरथर दोन्ही बाजूंना सारखी असती, तर अणूंमधलं सरासरी अंतर बदललंच नसतं. पण दोन अणू एकमेकांजवळ दाबणं फार अवघड, दूर ओढणं त्यामानाने सोपं. त्यामुळे थरथर वाढली की ती दूरच्या बाजूला झुकते.

पोलादाचा एक किलोमीटर लांब रूळ दर अंश सेल्सिअसला सुमारे साडेअकरा मिलिमीटर वाढतो. पहाटे 20 अंशांवर असलेला रूळ दुपारी 60 अंशांवर गेला, तर 46 सेंटिमीटर! उन्हात रूळ भोवतालच्या हवेपेक्षा बराच जास्त तापतो, त्यामुळे 60 हा आकडा फुगवलेला नाही.

अखंड रुळाला ही वाढ करूच दिली जात नाही. क्लिपांनी तो काँक्रीटच्या जड स्लीपरना जखडलेला असतो आणि स्लीपर खडीत रुतलेले असतात. लांबी वाढू शकत नाही, म्हणून रुळात दाब साठतो. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात हा दाब दर अंशाला जवळजवळ दोन टन भरतो. मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी, की मधल्या जखडलेल्या भागातला हा दाब लांबीवर अवलंबून नसतो. रूळ दोन किलोमीटरचा असो की वीस, तो तेवढाच. हालचाल होते ती फक्त दोन्ही टोकांच्या शंभरेक मीटरमध्ये आणि तेवढ्यासाठी टोकाला सरकता सांधा बसवतात.

खरी कळ आहे ती रूळ कोणत्या तापमानाला जखडायचा यात. त्या भागातल्या रुळाच्या किमान आणि कमाल तापमानाच्या मध्याच्या किंचित वरचं तापमान त्यासाठी निवडतात. रूळ त्याहून थंड असेल, तर क्लिपा सोडून, रुळाखाली रोलर घालून, तो यंत्राने हवा तेवढा ताणतात आणि मगच जोडतात. उन्हाळ्यात दाब आणि हिवाळ्यात ताण, दोन्ही आटोक्यात राहतात ते या निवडीमुळे.

तरीही धोका उरतोच. खडी नुकतीच उकरलेली असेल तर तिची पकड सैल पडते आणि कडक उन्हात रूळ आडवा सरकून नागमोडी होऊ शकतो. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी गस्त घालतात. थंडीत ती रात्री असते, कारण तेव्हा ताणाने वेल्ड तुटण्याची भीती असते.