सुरी लागली की गाठ पसरते? नाही

"सुरी लागनी का गाठ पसरस," हे जळगाव-धुळ्याकडे बायका एकमेकींना सांगत आल्यात. म्हणून योनीमुखावरची गाठ वर्षानुवर्षं लपवली जाते. हा समज खोटा आहे. तुकडा काढून तपासल्याने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही.

उलट, त्याशिवाय पक्कं निदानच होत नाही. नुसत्या नजरेने अनुभवी डॉक्टरही फसतात. हिड्रॅडेनोमाची, म्हणजे त्वचेतल्या ग्रंथीतून येणारी, गाठ बहुधा २ सेंमीहून लहान; ती फुटून लालभडक झाली की कॅन्सरच वाटते, पण असते साधी, आणि काढली की बहुतेकदा प्रश्न मिटतो. १९८३ साली प्रथम वर्णन झालेला अग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा हा दुर्मिळ गाठीचा प्रकार मात्र मऊ, बहुधा न दुखणारा. बार्थोलिनची (योनीमुखाजवळच्या ग्रंथीची) गाठ किंवा हर्निया समजून तो सोडून दिला जातो. तो सहसा शरीरभर पसरत नाही, पण ओटीपोटात खोल शिरतो. म्हणून आधी एमआरआय करतात. काढल्यावर पुन्हा आला, तर दोष सुरीचा नव्हे. बहुधा त्याचा अंश आत राहिलेला असतो.

ताई, कापूस वेचणी संपेपर्यंत थांबू नका. आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीकडे (तपासणीच्या प्रयोगशाळेत) गेली का, हे विचाराच.