एमटीएचएफआर : मिथाइल जोडतं कोण?

फोलेटची, म्हणजे बी-९ जीवनसत्त्वाची, गोष्ट परळ-लालबागच्या गिरण्यांपासून सुरू होते. १९२८ मध्ये एक ब्रिटिश डॉक्टर बाई मुंबईत आल्या, त्या गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या रक्तक्षयाचं कारण शोधायला. उतारा सापडला तो यीस्टच्या स्वस्त अर्कात, म्हणजे मार्माइटमध्ये. त्यातला गुणकारी पदार्थ पुढे १९४१ मध्ये पालकातून वेगळा झाला आणि त्याचं नाव फोलिक ॲसिड पडलं.

एमटीएचएफआर हे या फोलेटला 'मिथाइल' (एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा गट) 'जोडणारं' एन्झाइम, असं सर्रास सांगितलं जातं. नावातला शेवटचा 'आर' मात्र रिडक्टेजचा, म्हणजे क्षपण (हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देणं) करणाऱ्याचा. जोडायचा कार्बन फोलेटवर आधीच बसलेला असतो. हे एन्झाइम बी-२च्या मदतीने त्याचं क्षपण करून त्याला मिथाइलचं रूप देतं, एवढंच. पेशीत ही वाट एकेरी आहे. मिथाइल पुढे होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला देण्याचं काम दुसऱ्याच एन्झाइमचं, आणि त्याला बी-१२ लागतं. ते कमी पडलं की फोलेट मिथाइल रूपातच अडकून पडतं. शुद्ध शाकाहारी घरांत आधी बघायला हवं ते इथे, बी-१२कडे.

पण लक्ष गेलं हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाकडे. १९९५ मध्ये त्यात ६७७व्या जागी 'सी' या डीएनएच्या अक्षराऐवजी 'टी' असलेला प्रकार सापडला. दोन्ही प्रती तशा असतील तर एन्झाइमचं काम साधारण ३० टक्क्यांवर येतं; एकच असेल तर फारसं बिघडत नाही. तरीही होमोसिस्टीन वाढतं, मग रक्ताच्या गुठळ्या होतात, मग गर्भ पडतो, अशी साखळी लावली गेली आणि चाचणी पॅकेजात शिरली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्टच सांगितलं, की गुठळ्यांच्या किंवा वारंवारच्या गर्भपाताच्या तपासणीत ही चाचणी मागवू नका. माझ्या मते हे सांगायला उशीरच झाला होता. आपल्याकडे ती अजूनही लिहून दिली जाते.

दादरला राहणाऱ्या आमच्या एका वहिनींचा रिपोर्ट मी पाहिलाय. 'हेटेरोझायगस' (म्हणजे एकच प्रत बदललेली) या शब्दाभोवती लाल पेनाने गोल, शेजारी 'पॉझिटिव्ह'. सासूबाईंनी त्याचा अर्थ 'हिच्यातच दोष' असा लावला. वहिनी जन्मापासून शाकाहारी. बी-१२ची तपासणी त्या यादीत नव्हतीच.