घरगुती कॅनिंग (घरातल्या मोठ्यांकडून शिकणं)

घरगुती कॅनिंग म्हणजे फळं, भाज्या, रस, जॅम असं काहीही काचेच्या बरणीत भरायचं, झाकण लावायचं आणि भरलेली बरणीच तापवून हवाबंद करायची, मग फ्रिजशिवायही ते वर्षभर चांगलं राहतं. हे शिकायचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे आजी, मावशी, काका, घरात जे कोणी करत असेल त्यांच्या शेजारी उभं राहणं. पहिल्या सीझनला फक्त बरण्या धुवायला मिळतात, नंतर फळं सोलायला, आणि भरायचं काम हातात यायला बराच वेळ जातो.

मुळात ही विद्या हाताला आधी जमली, कारण नंतर कळलं. निकोला आपेर हा फ्रान्समधला मिठाईवाला, त्याने अन्न काचेच्या बाटल्यांत भरून, बूच घट्ट बसवून, उकळत्या पाण्यात ठेवून टिकवून दाखवलं आणि १८१० साली त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले, पण ते का टिकतं हे त्यालाही माहीत नव्हतं. जंतूंचा उलगडा लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने केला तो १८६० च्या दशकात. मधे १८५८ ला अमेरिकेत जॉन मेसनने आटे असलेल्या बरणीचं पेटंट घेतलं, त्यामुळे घरोघरी कॅनिंग करणं सोपं झालं.

मोठ्यांकडून जे मिळतं ते पुस्तकात वाचून खरंच येत नाही. बरणी भरल्यावर आजी ओल्या फडक्याने काठ पुसते आणि मग डोळे दुसरीकडेच असताना काठावरून बोट फिरवते, कुठे टवका उडालाय का, साखरेचा चिकटपणा राहिलाय का ते तिला बोटालाच कळतं, आणि तेवढ्या एका कणाने सील बसत नाही. वर किती जागा सोडायची तेही तसंच, जॅमला पाव इंच, फळांना अर्धा इंच, भाज्यांना साधारण एक इंच. कडेने लाकडी पट्टी फिरवून बुडबुडे काढायचे. झाकणाची रिंग, म्हणजे झाकण जागेवर धरून ठेवणारी आट्यांची कडा, बोटांच्या टोकांनी जेवढी आवळेल तेवढीच आवळायची, जोर लावला तर आतली हवा बाहेर जायला वाट राहत नाही. मग तापवून झालेल्या बरण्या बाहेर काढून टॉवेलवर ठेवल्या की सगळे गप्प होऊन ऐकत बसतात, गार होताना झाकण आत ओढलं जातं आणि टक् असा आवाज येतो, एक, मग दोन, मग पटापट. बरण्या १२ ते २४ तास हलवायच्या नाहीत.

पण वेळ आणि तापमान मात्र आठवणीतून घ्यायचं नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, समोर कितीही प्रेमाचं माणूस असलं तरी. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि हवा नसलेल्या, आंबटपणा कमी असलेल्या बरणीत ते वाढून विष तयार करतात. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे बहुतेक फळं, जॅम, व्हिनेगरमधली लोणची, तर उकळत्या पाण्यातली पद्धत चालते. टोमॅटो अगदी सीमेवर असतो म्हणून साधारण एक लिटरच्या बरणीला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालतात, बाटलीतला अशासाठी की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो. शेंगा, मका, मांस, सूप यांना प्रेशर कॅनरच, म्हणजे वाफेच्या दाबावर बरण्या तापवणारं बंद भांडंच लागतं, जिथे तापमान साधारण ११६ अंशांपर्यंत जातं. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला जवळपास एक अंश कमी, त्यामुळे आजीचं घर समुद्रकाठी आणि आपलं डोंगरावर असेल तर तिची वेळ आपल्याला पुरणार नाही.

जुन्या घरांत अजून काही सवयी दिसतात. गरम जॅम भरून बरणी नुसती उलटी ठेवणं, वर मेण ओतणं, ओव्हनमध्ये बरण्या तापवणं. या सगळ्या आता सुरक्षित मानत नाहीत. "आम्ही इतकी वर्षं केलं, काही झालं नाही" हे खरं असतं, खोटं कोणी बोलत नाही, पण त्या बरण्यांचं नशीब चांगलं होतं एवढाच त्याचा अर्थ. मोठ्यांशी यावर भांडण्यापेक्षा वेळ-तापमानाचा तपासलेला तक्ता ओट्याशेजारी चिकटवावा आणि घड्याळ आपण सांभाळावं, बाकी सगळं त्यांच्या हाताने होऊ द्यावं. हे बहुतेक घरांत जमतं.

दुसऱ्या दिवशी झाकणाच्या मधोमध बोटाने दाबून बघायचं, खालीवर झालं तर सील बसलं नाही, ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायची. सील बसलेल्यांच्या रिंगा काढून ठेवायच्या, म्हणजे पुढे कधी झाकण सुटलं तर लगेच दिसतं. आणि फुगलेली, गळणारी किंवा उघडताना फेस येणारी बरणी चाखून बघायची जुनी सवय असेल तर ती पहिली थांबवायची, कारण हे विष चवीला, वासाला कळेलच असं नाही आणि एक घाससुद्धा पुरतो.